आतला खिसा

सतरा सेकंदांचा तुकडा. टीव्हीवर पुन्हा पुन्हा तोच.
ब्रसेल्समधलं एक दुकान, वरच्या कोपऱ्यातून, करडं करडं.
आमचे राजदूत इरासोकी साहेब
मोहरीच्या चटणीची लहानशी बरणी उचलतात,
लेबल वाचतात, मान डोलावतात,
आणि बरणी कोटात जाते.

सगळ्या मोन्तेविदेओनं हात पाहिला.
मी कोट पाहिला.
त्यांचा डावा खांदा अर्धं बोट खाली उतरतो,
तो मी कापसाच्या गादीनं उचलून धरलाय.
कॉलरच्या आत घोड्याचे केस,
आणि छातीशी एक खिसा, वीतभर खोल.
"कागदपत्रांसाठी," ते म्हणाले होते,
"जरा ऐसपैस ठेव, अन्सेल्मो."
मी ठेवला.

किंमत तीन युरो नव्वद.
पहिल्या दिवशी शहर हसलं.
चौकातल्या कसायानं काचेवर खडूनं लिहिलं:
मोहरी कुलपात आहे, मुत्सद्द्यांनी क्षमा करावी.
राईचा पर्वत करू नका,
असं परराष्ट्र खात्याचं पत्रक निघालं
आणि मग तर कुणालाच आवरेना.

दुसऱ्या दिवशी हसू आंबलं.
बसथांब्यावर मातेत गरम पाणी ओतत एक बाई म्हणाली,
एवढासा आपला देश,
जगाला माहीत फुटबॉलमुळे, आता बरणीमुळे.
तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला,
मारायचाच होता डल्ला तर बँकेवर मारायचा,
निदान लाज तरी मोठी वाटली असती.
शाळेत निबंध आला: प्रामाणिकपणा.
एका पोरानं विचारलं,
बरणी परत दिली की खाल्ली?
बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

साहेबांची बहीण, दोन्या एल्विरा,
शनिवारी बाजारात गेली.
तीस वर्षांच्या ओळखीच्या भाजीवाल्यानं
तिच्यादेखत ऑलिव्हच्या टोपलीवर फडकं टाकलं.
ती काही बोलली नाही.
सुटे पैसे मोजून दिले, आणि घेतलेली कोथिंबीर तिथेच विसरली.

माझ्या दुकानात गर्दी वाढली, हे खोटं कशाला सांगू.
दोघांनी कोट टाकले, "त्याच खिशाचा" म्हणून.
मी मापं घेतली.
रेडिओवरची एक मुलगी आली, माइक तोंडाशी धरून:
तुम्हीच शिवला ना? काय वाटतं?
मी म्हटलं, खिसा कागदांसाठी मागितला होता.
एवढंच म्हटलं. ते खरं आहे.

संध्याकाळी न्हाव्याकडे बसलो होतो.
गालाला साबण, मान मागे.
शेजारच्या खुर्चीतला कुणीतरी टीव्हीकडे बघून थुंकल्यासारखं बोलला:
चिंधीचोर!

वस्तरा नुसता टेकला होता, तरी रक्त आलं.

घरी लेकीची गोधडी आहे.
ती लग्न करून साल्तोला गेली, गोधडी नेली नाही, जड होते म्हणाली.
एक्केचाळीस वर्षांचे तुकडे.
न्यायाधीशांचं तपकिरी ट्वीड,
कसायाच्या लग्नाच्या सुटाची काळी पट्टी,
दोन मंत्री, एक बिशप,
रेल्वेतल्या त्या कारकुनाचं, ज्यानं पैसे हप्त्यानं दिले.
लोक मीटर मोजून देतात,
उरलेलं कुणी मोजत नाही.
कात्री जरा आत वळवली की वीतभर आपली.
कडेला इरासोकींचं गडद निळं,
खिसा जरा उथळ केला असता तर आणखी निघालं असतं.

रात्री नदीवरून वारा सुटला.
मी गोधडीकडे बराच वेळ पाहिलं,
मग अंगावर ओढून घेतली. थंडी थंडी असते.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक कोट न्यायला आलं.
मी उरलेल्या कापडाची पुडी बांधून त्याच्यापुढे ठेवली.
"हे काय?"
तुमचंच.
त्यानं दोऱ्याची गाठ चाचपली, घड्याळ पाहिलं.
"याचं मी काय करू? राहू दे तुमच्याकडे,"
म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज मोठा करायला सांगितला.